कार्निव्हलच्या पुस्तिकेतली एक ओळ

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. मंडळाच्या बैठकीत तू मदतकेंद्राचा विषय काढलास आणि तुला ऐकवलं गेलं की आपण इथे इंग्लंडमध्ये गणपती बसवतो, दिवाळी करतो, मुलांना मराठी शिकवतो. घरमालकांशी भांडणं, व्हिसाची गाऱ्हाणी, एजंटांनी बुडवलेले पैसे हे काही आपलं काम नव्हे, त्यानं माणसं तुटतील. असं बोलणारे लोक वाईट नाहीत. दर वर्षी रजा टाकून मखर उभारणारे, पहाटे उठून सगळ्यांसाठी प्रसाद रांधणारे लोक आहेत ते, आणि त्यांच्या कष्टांवरच मंडळ उभं आहे. पण त्यांचं हे म्हणणं मला पटत नाही, आणि तूही ते निमूट मान्य करू नयेस असं मला मनापासून वाटतं.

अशा कामात कुणाकडे बघायचं, असं तू विचारलंस. मी लंडनला आले तेव्हापासून माझ्यापुढे एक नाव कायम आहे, क्लॉडिया जोन्स. ती कॅरिबियन, आपण मराठी. ती जन्मभर कट्टर कम्युनिस्ट, मी कुठल्याच पक्षाची नाही. तरीही परक्या मुलखात आपल्या माणसांसाठी उभं कसं राहायचं, हे मी सर्वात जास्त तिच्याकडून शिकले. म्हणून आज तिच्याबद्दल सविस्तर लिहिते. मंडळाचा विषय मध्ये मध्ये येत राहील.

तिचा जन्म १९१५ चा, ट्रिनिडाडमधल्या पोर्ट ऑफ स्पेनच्या बेलमाँट भागातला. मूळ आडनाव कंबरबॅच. कोकोच्या व्यापाराला उतरती कळा लागली, घरची स्थिती खालावली, तेव्हा आईवडील पोटासाठी न्यूयॉर्कला गेले. १९२४ मध्ये बहिणींबरोबर तीही त्यांच्यामागोमाग हार्लेमला, न्यूयॉर्कमधल्या काळ्यांच्या वस्तीत पोचली. आई कपड्यांच्या कारखान्यात शिवणाच्या मशीनवर बसायची. काही वर्षांतच तिला मेंदूज्वरानं गाठलं आणि त्या मशीनपाशीच तिचा अंत झाला. वय अवघं ३७. क्लॉडियानं पुढे हे लिहून ठेवलं आहे. घर ओलसर आणि कोंदट होतं. सतराव्या वर्षी क्लॉडियाला क्षयानं धरलं, आणि त्या दुखण्यानं तिची पाठ शेवटपर्यंत सोडली नाही. हुशार पोरगी होती. शाळेत तिला उत्तम नागरिक म्हणून पारितोषिक मिळालं होतं. कॉलेजचं मात्र नावच नको. लाँड्रीत, कारखान्यात, दुकानात मिळेल ते काम तिनं केलं. पुढे त्याच देशानं तिला नागरिकत्व नाकारलं.

अमेरिकेतली तिची वर्षं मी इथे भराभर सांगते. अलाबामात नऊ काळ्या मुलांना बलात्काराच्या खोट्या आरोपात अडकवलं गेलं, ते स्कॉट्सबरो प्रकरण. त्या मुलांच्या बाजूनं कोण उभं राहतंय हे बघत बघत १९३६ मध्ये ती कम्युनिस्टांच्या युवक संघटनेत गेली. तिथे पत्रकार झाली, संपादक झाली, उत्तम वक्ता झाली. १९४९ मध्ये तिनं एक निबंध लिहिला. काळ्या कष्टकरी बाईवर काळी म्हणून, बाई म्हणून आणि कामगार म्हणून एकाच वेळी अन्याय होतो, आणि तिची लढाई बाजूला ठेवून कुठलीच चळवळ पुढे जाणार नाही, असं त्यात ठणकावून सांगितलं होतं. आज विद्यापीठांत जे शिकवलं जातं ते तिनं तेव्हा आपल्याच पक्षातल्या पुरुषांना सुनावलं होतं. हा निबंध तू मिळवून वाचच. तुझ्या बैठकीत चहाचे कप कोण विसळतं आणि ठराव कोण मांडतं, हे तुला लगेच दिसायला लागेल.

१९४८ पासून तिला अटका सुरू झाल्या. तिला एलिस बेटावर डांबलं, म्हणजे जिथून लाखो परदेशी माणसं अमेरिकेत शिरली त्याच ठिकाणी. १९५१ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी, तुरुंगातच तिला हृदयविकाराचा झटका आला. सरकार उलथवण्याची शिकवण देणं हा गुन्हा ठरवणाऱ्या स्मिथ कायद्याखाली चाललेल्या खटल्यात तिच्या विरुद्ध पुरावा काय, तर तिनं लिहिलेला एक लेख. शिक्षा एक वर्ष आणि एक दिवस. ती वेस्ट व्हर्जिनियातल्या ऑल्डरसनच्या स्त्रियांच्या तुरुंगात भोगून १९५५ च्या ऑक्टोबरात सुटली, आणि डिसेंबरात तिला हद्दपार केलं. जन्मभूमी ट्रिनिडाडनं तरी घ्यावं? तिथल्या ब्रिटिश गव्हर्नरला ती डोईजड होईल अशी धास्ती होती. त्यानं नकार दिला. ट्रिनिडाड तेव्हा ब्रिटिश वसाहत, म्हणून ती ब्रिटिश प्रजाजन, आणि म्हणून अखेर लंडन.

वय ४०. हृदय खिळखिळं, फुप्फुसं अधू, हातात पैसा नाही. इथल्या कम्युनिस्ट पक्षात तिचं फारसं स्वागत झालं नाही. अशा स्थितीत एखाद्यानं अंग काढून घेतलं असतं तर कुणी दोष दिला नसता.

तिनं काय केलं ते नीट बघ, कारण तुझ्या कामाची सुरुवात इथूनच होते. १९५८ च्या मार्चमध्ये तिनं वर्तमानपत्र काढलं, ‘वेस्ट इंडियन गॅझेट’. दक्षिण लंडनमध्ये ब्रिक्स्टन रोडवर, एका दुकानाच्या वर त्याची कचेरी. काळ्यांच्या चळवळीचे पुढारी मार्कस गार्वी यांच्या पहिल्या पत्नी एमी अॅशवूड गार्वी या कामात तिच्याबरोबर होत्या. १९४८ च्या जूनमध्ये ‘एम्पायर विंडरश’ हे जहाज टिलबरी बंदराला लागलं, तेव्हापासून जमैका, बार्बाडोस, ट्रिनिडाडहून माणसं येत होती. युद्धानं खिळखिळ्या झालेल्या ब्रिटनला बसगाड्या, रेल्वे आणि इस्पितळं चालवायला ती हवी होती. पण खोली भाड्यानं मागायला गेली की दार लावलं जायचं. काळ्या माणसांनी येऊ नये, अशा पाट्या उघड लागलेल्या असायच्या. बँका कर्ज देत नसत, म्हणून ही माणसं आपल्या भिशीसारखी भिशी लावायची. जमैकन तिला ‘पार्डनर’ म्हणतात, ट्रिनिडाडचे ‘सूसू’. त्याच पैशातून कित्येकांनी पहिलं घर घेतलं.

या विखुरलेल्या माणसांना त्या वर्तमानपत्रानं एक पत्ता दिला. बेटांवरच्या बातम्या, इथल्या कोर्टकचेऱ्या, नोकरीत होणारा दुजाभाव, कथा, कविता, सगळं त्यात असे. जॉर्ज लॅमिंग यांच्यासारखे लेखक त्यात लिहायचे. बातमीदार कोण, तर डॉनल्ड हाइंड्स, दिवसा बसवर कंडक्टर आणि उरलेल्या वेळात पत्रकार. तिकिटांबरोबर प्रवाशांना अंकही विकायचे. आणि कचेरीत लोक फक्त अंक घ्यायला येत नसत. घरमालकानं बाहेर काढलं, कामावरून कमी केलं, पोलिसांनी पोराला उचललं, असं सांगत जिना चढून यायचे. क्लॉडिया आधी ऐकून घ्यायची, मग फोन करायची, पत्र लिहून द्यायची, वकील गाठून द्यायची.

सल्लाकेंद्रात मी इतकी वर्षं काम केलं, त्यावरून सांगते. माणूस पहिल्यांदा येतो तेव्हा खरी अडचण सांगत नाही. तो एखादा फॉर्म घेऊन येतो आणि हा भरून द्याल का, म्हणून विचारतो. फॉर्म भरून झाला, चहा झाला, उठता उठता तो खिशातून घडी केलेलं दुसरं पाकीट काढतो. खरा कागद त्या पाकिटात असतो. म्हणून ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या खोलीत कुणीतरी बसलेलं असणं फार मोलाचं आहे. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर ‘अडचण असेल तर कळवा’ असं टाकल्यानं ते पाकीट बाहेर येत नाही.

आता १९५८ च्या उन्हाळ्याकडे येते. ऑगस्टच्या शेवटी आधी नॉटिंगहॅममध्ये आणि मग लंडनच्या नॉटिंग हिलमध्ये गोऱ्या तरुणांच्या टोळक्यांनी काळ्या माणसांना घेरून मारायला सुरुवात केली. लोखंडी कांबी, सायकलच्या साखळ्या, बाटल्या. लोक रात्री घराबाहेर पडेनात; काही जण एकत्र जमून घरांची राखण करू लागले. हे सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चाललं. पोलिसांच्या अहवालाप्रमाणे १०८ जणांवर आरोप ठेवले गेले. त्यातले ७२ गोरे होते आणि ३६ काळे. नऊ गोऱ्या तरुणांना चार-चार वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली. बाकीच्या अनेकांना दंड झाले, आणि ज्याच्या घरी आठवड्याचा पगार आठवड्यात संपतो त्याच्यावर दंड म्हणजे काय संकट असतं ते तुला सांगायला नको.

त्या हिवाळ्यात क्लॉडियानं आपल्या लोकांची बैठक घेतली. तोंडात राहिलेली नॉटिंग हिलची ती कडू चव कशी घालवायची, असा प्रश्न तिनं टाकला. कुणीतरी म्हणालं, कार्निव्हल. हशा पिकला. ट्रिनिडाडचा कार्निव्हल म्हणजे भर उन्हात रस्त्यावर नाचणं, आणि बाहेर लंडनचा डिसेंबर. मग क्लॉडियाच म्हणाली, सभागृहात का करू नये? डॉनल्ड हाइंड्स यांनी ही आठवण पुढे सांगितली आहे.

३० जानेवारी १९५९ ला सेंट पँक्रस टाउन हॉलमध्ये तो कार्निव्हल झाला. दिग्दर्शन एड्रिक कॉनर यांचं. गायक मायटी टेरर यांचं कॅलिप्सो, म्हणजे ट्रिनिडाडी गाणं, बोस्को होल्डर यांचा नृत्यसंच, क्लिओ लेन यांचं गाणं, आणि कार्निव्हलची राणी निवडण्याची स्पर्धा. सौंदर्यस्पर्धा म्हटलं की आज आपल्या कपाळाला आठी पडते. पण ज्या शहरात काळ्या बाईला सुंदर म्हणायला कुणी तयार नव्हतं, तिथे भरल्या सभागृहात तिला मुकुट चढवणं ही ठाम भूमिका होती, आणि क्लॉडियाला ती पुरती ठाऊक होती. बीबीसीनं हा कार्यक्रम टीव्हीवर दाखवला. काही महिन्यांपूर्वी याच लोकांकडे देश दंगलीतली माणसं म्हणून बघत होता.

कार्निव्हलची स्मरणिका छापली होती. आपल्या मंडळाची निघते ना, जाहिराती, शुभेच्छा, कार्यक्रमाचा क्रम, तशीच. क्लॉडियाच्या प्रास्ताविकाचं शीर्षक असं होतं की लोकांची कला हाच त्यांच्या स्वातंत्र्याचा उगम असतो. आणि त्याच पुस्तिकेत एक निवेदन होतं. विक्रीच्या पैशातला काही भाग नॉटिंग हिलच्या घटनांमध्ये सापडलेल्या काळ्या आणि गोऱ्या तरुणांचे दंड भरायला वापरला जाईल.

ही ओळ सावकाश वाच. तुझ्या सगळ्या प्रश्नांना मी याच एका ओळीनं उत्तर देऊ शकते. नाचगाण्याच्या कार्यक्रमाची पुस्तिका, आणि तिच्यात कोर्टाच्या दंडाचा उल्लेख. ज्या मुलांना कोर्टात उभं केलं होतं त्यांच्या आया कदाचित त्याच सभागृहात खुर्च्यांवर बसलेल्या असतील. त्यांच्या घरातला तो दंड समाजानं उघडपणे आपल्या डोक्यावर घेतला. क्लॉडियानं उत्सव आणि हक्क अशा दोन समित्या केल्या नाहीत. एकाच कचेरीतून, त्याच माणसांनी, त्याच कागदावर दोन्ही कामं केली. पैसे उत्सवातून आले. उत्सवाला गर्दी झाली, कारण हे लोक आपल्या अडचणीला धावतात असा विश्वास आधीच बसला होता.

आणि ‘गोऱ्या’ हा शब्द. इथे मी दर वेळी थांबते. ज्यांच्याकडून मार खाल्ला त्यांच्यातल्या पोरांचेही दंड? मला सुरुवातीला हे पचलं नव्हतं. मग ते तरुण कोण होते हे मी वाचत गेले. पडक्या, गळक्या घरांत राहणारी, एकाच खोलीसाठी काळ्यांशी स्पर्धा करणारी, फॅसिस्ट पुढारी ओस्वाल्ड मोझलीसारख्यांच्या भाषणांनी पेटलेली गरिबांची पोरं. क्लॉडियानं हल्ल्याला माफी दिली नाही. गॅझेटनं वंशद्वेष्ट्यांवर कडक शब्दांत लिहिलं, आणि त्यापायी कचेरीवर कू क्लक्स क्लॅन या काळ्यांचा द्वेष करणाऱ्या अमेरिकन टोळीच्या नावानं धमक्यांची पत्रंही आली. पण दोन गरीब वस्त्या एकमेकींच्या नरडीला लागल्या तर भाडं वाढवणारा घरमालक सुखानं झोपतो, हे ती हार्लेमपासून बघत आली होती. तुझ्या मदतकेंद्रात उद्या एखादी रुमेनियन बाई येईल, बांगलादेशी विद्यार्थी येईल. आपले लोक विचारतील, हे मराठी मंडळ ना? तेव्हा ही पुस्तिका आठव आणि त्यांना बसायला खुर्ची दे.

बैठकीत ‘गणपतीत राजकारण नको’ असंही कुणी म्हणालं, असं तू लिहितेस. त्यांना शांतपणे आठवण करून दे की १८९३ मध्ये टिळकांनी गणपती घरातून मांडवात आणला तोच लोकांनी एकत्र यावं, बोलावं, ऐकावं म्हणून. आणि ‘केसरी’तल्या लेखांसाठी त्यांनी मंडालेचा तुरुंगवास भोगला. वर्तमानपत्र, उत्सव आणि तुरुंग ही तिन्ही एकाच माणसाच्या वाट्याला येतात, याचं नवल इतरांना वाटेल, मराठी माणसाला वाटायचं कारण नाही. आणि कायद्याचं म्हणशील तर मंडळ धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेलं असेल तर एखाद्या राजकीय पक्षाचा प्रचार करता येत नाही, हे खरं. पण संस्थेच्या उद्देशात बसत असेल तर आपल्या लोकांच्या अडचणींवर बोलायला, मागणी करायला मज्जाव नाही. ही दोन वाक्यं बैठकीआधी मंडळाच्या घटनेच्या प्रतीशी ताडून घे आणि लेखी घेऊन जा.

कार्निव्हलनं हल्ले थांबले असं मात्र कुणी समजू नये. त्याच वर्षी १७ मे च्या रात्री केल्सो कॉक्रन या अँटिग्वाच्या सुताराला नॉटिंग हिलमध्ये गोऱ्या तरुणांनी भोसकून मारलं. अंगठ्याला दुखापत झाली होती, इस्पितळातून तो पायी घरी चालला होता. त्या खुनासाठी कुणालाही शिक्षा झाली नाही. त्याच्या अंत्ययात्रेला हजाराहून जास्त माणसं आली, त्यात गोरेही होते. क्लॉडियानं आणि तिच्या सहकाऱ्यांनी लगेच सगळ्या संघटनांना एकत्र बसवलं, गृहखात्याकडे दाद मागितली. कार्निव्हलमुळे जोडलेली माणसं आणि फोन नंबरांची वही त्या दिवसांत कामी आली. जत्रेत ओळख झालेला माणूस संकटात दारावर थाप मारायला लाजत नाही.

मग १९६२ चा कायदा आला. तोवर राष्ट्रकुलातल्या माणसाला ब्रिटनमध्ये येण्याचा हक्क होता. कॉमनवेल्थ इमिग्रंट्स अॅक्टनं तो काढून कामाच्या परवान्यांची अट घातली. आयर्लंडहून येणाऱ्यांना प्रत्यक्षात ती लागू केलीच नाही, त्यामुळे रोख कुणावर आहे हे सगळ्यांना उघड दिसत होतं. हा कायदा जमैकाच्या सुताराला लागत होता तसाच पंजाबच्या ओतारी कामगाराला आणि मुंबईच्या नर्सलाही. क्लॉडियाच्या हे केव्हाच लक्षात आलं होतं. गॅझेटच्या नावात तिनं ‘आफ्रो-एशियन कॅरिबियन न्यूज’ अशी भर घातली. अंकाच्या व्यवस्थापनात तिच्याबरोबर अभिमन्यू मनचंदा हा भारतीय साथी होता. आज तू आणि मी ज्या व्हिसाच्या नियमांबद्दल कुरकुरतो, त्यांची पहिली वीट त्या वर्षी बसली, आणि तिला विरोध करायला सर्वात पुढे एक आजारी ट्रिनिडाडी बाई होती. आपल्या मंडळांत हे सांगितलं जात नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

१९६३ च्या ऑगस्टअखेर, काळ्यांच्या नागरी हक्कांसाठी वॉशिंग्टनमध्ये निघालेल्या त्या मोठ्या मोर्चानंतर तीनच दिवसांनी, तिनं लंडनमध्ये अमेरिकन वकिलातीवर मोर्चा नेला. नंतर जपानला अणुबाँबविरोधी परिषदेला आणि चीनला जाऊन आली. तिच्या राजकारणातल्या सगळ्याच गोष्टी मला पटतात असं नाही. माओच्या चीनबद्दलचा तिचा उत्साह मला तेव्हाही आणि आजही मान्य नाही. पण तिची कहाणी सांगताना लोक तिचं कम्युनिस्ट असणं गाळून फक्त ‘कार्निव्हलची आई’ एवढंच ठेवतात, तेही मला मान्य नाही. ज्या विचारांसाठी तिनं तुरुंग सोसला ते विचार बाजूला काढले तर त्या पुस्तिकेतली ओळ कुठून आली हे कुणालाच कळणार नाही.

आता तिच्या आयुष्यातला जो भाग तू गिरवू नयेस, त्याबद्दल. गॅझेट कायम कर्जात असे. छापखान्याचं बिल थकलेलं, लिहिणाऱ्यांना मानधन नाही, कचेरीचं भाडं डोक्यावर. सगळी ओढाताण तिच्या एकटीच्या अंगावर. दम लागायचा, इस्पितळात जायची, परत येऊन टेबलाशी बसायची. २४ डिसेंबर १९६४ ला, नाताळच्या आदल्या रात्री, ती तिच्या घरात झोपेतच गेली. वय ४९. हायगेटच्या दफनभूमीत कार्ल मार्क्सच्या समाधीच्या डाव्या हाताला तिला मातीत ठेवलं. वर्तमानपत्र त्यानंतर काही अंक निघालं आणि बंद पडलं.

हे मला अजून टोचतं. एवढं मोठं काम, पण दुसऱ्या कुणाच्या खांद्यावर देता येईल असं ते बांधलेलंच नव्हतं. तिला दोष देण्याचा मला अधिकार नाही. तुरुंगानं आणि गरिबीनं तिला तेवढी उसंतच दिली नाही. तुझ्याकडे ती आहे. म्हणून पहिल्याच दिवसापासून दोघींनी मिळून बसा, एकटी बसू नकोस. बँक खात्यावर दोन सह्या असू देत. आलेल्या माणसाची नोंद अशी लिही की तू आजारी पडलीस तरी दुसऱ्या बाईला पुढचं पत्र पाठवता येईल. आणि रात्री दहानंतर फोन बंद. तुझ्या आईनं मला वेगळा फोन करून हेच सांगितलंय, तेव्हा ऐक.

श्रेयाचंही तुला आत्ताच सांगून ठेवते. नॉटिंग हिलच्या रस्त्यावरचा जो कार्निव्हल आज ऑगस्टच्या बँक हॉलिडेला लाखो लोकांना ओढून आणतो, तो १९६६ च्या सुमाराला रोन लॅस्लेट या समाजसेविकेनं भरवलेल्या वस्तीतल्या जत्रेतून वाढला. रसेल हेंडरसन यांचा स्टीलबँड वाजवत वाजवत रस्त्यावर उतरला आणि लोक मागून चालू लागले. आता खरा जन्म कुणाच्या हातून झाला, क्लॉडियाच्या की लॅस्लेटच्या, यावर वाद चालतो. मला त्या वादात रस नाही. क्लॉडियानं सभागृहात लोकांची सवय घडवली, लॅस्लेटनं रस्ता मोकळा केला, हेंडरसननं पावलं हलवली. तुझ्या मंडळात उद्या मदतकेंद्र चाललं तर आज विरोध करणारेच स्वागताच्या भाषणात त्याचं नाव घेतील. घेऊ देत.

आता प्रत्यक्ष कामाचं. व्हिसाचा सल्ला स्वतः देऊ नकोस. नोंदणी नसताना इमिग्रेशनचा सल्ला देणं या देशात गुन्हा आहे, मग तो फुकट का असेना. तुझं काम ऐकून घेणं, कागद लावून देणं आणि नोंदणी असलेल्या सल्लागाराकडे पोचवणं. अशा दोन-तीन ठिकाणांची यादी आधी तयार हवी. घरभाड्याबाबत मात्र तू बरंच करू शकतेस. इंग्लंडमध्ये भाडेकरूची अनामत घरमालकानं ३० दिवसांच्या आत मान्यताप्राप्त योजनेत ठेवावी लागते, आणि ठेवली नाही तर कोर्ट त्याला अनामतीच्या एक ते तीन पट रक्कम द्यायला लावू शकतं. आपल्या विद्यार्थ्यांना हे माहीतच नसतं. घर भाड्यानं देणाऱ्या एजंटनं भाडेकरूकडून ‘फाइल चार्ज’ म्हणून घेतलेले पैसेही २०१९ च्या कायद्यानंतर बेकायदा आहेत. एवढ्या दोन गोष्टी मराठीत एका पानावर लिहून काढल्यास तरी पहिल्या महिन्यात माणसं येतील.

ते पान गणपतीच्या स्मरणिकेत छापायचं. शेवटच्या जाहिरातींत नको, आरतीसंग्रहाच्या समोरच्या पानावर, मदतकेंद्राचा वार आणि वेळ घालून. खाली एक ओळ टाकता आली तर बघ, की स्मरणिकेच्या उत्पन्नाचा काही भाग अडचणीतल्या भाडेकरूंच्या कोर्ट फीसाठी ठेवला आहे. कार्यकारिणी यावर अडेल. अडली तर जाहिरातींतून आलेल्या पैशांपैकी किती शिल्लक पडते ते खजिनदारांकडून मागून घे आणि तो आकडा घेऊनच बोल. खजिनदार भला माणूस आहे. तुला माहीत नसेल, पण इथे आला तेव्हा त्याची स्वतःची अनामत बुडाली होती. त्याला आधी एकट्याला भेट.

शनिवारी सकाळी माझ्याकडे ये. जुन्या पत्रांचे नमुने काढून ठेवते. त्यातले कायदे बदललेत, तेव्हा येताना लॅपटॉप आण, बसून एकेक तपासू. पोहे करते.

तुझी,
काकू